घाटावरची जीप आणि तिचे सुटे भाग

बुलढाणा जिल्ह्यात कुणी गावाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावर की घाटाखाली? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर आणि त्याही पलीकडे सातपुड्यातली आदिवासी गावे. मुंबई–नागपूर रेल्वे घाटाखालून गेली, जिल्ह्याच्या कचेऱ्या मात्र घाटावर थाटल्या गेल्या. मलकापूरला उतरलेला साहेब असो की टपालाची थैली, राजूरचा नाहीतर बोथ्याचा घाट चढल्याशिवाय बुलढाणा गाठता येत नसे.

चढ संपला म्हणून वाट सोपी होत नसे. मृगाचे दोन पाऊस झाले की काळी माती चाकाला अशी धरते की पांदणीतून बैलबंडीसुद्धा निघत नाही. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि नाल्यातले बेसॉल्टचे गोटे उघडे पडतात. या मुलखात साठ-सत्तर वर्षे एक गाडी टिकून राहिली : चपट्या तोंडाची, उघड्या अंगाची, वेळ पडल्यास पुढच्या चाकांनाही जोर देणारी जीप. कंपनीच्या कागदपत्रांत तिचा इतिहास अर्धाच सापडतो. बाकीचा अर्धा चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरच्या गॅरेजांत, लेथवर आणि आरसी बुकातल्या इंजिन बदलाच्या नोंदींत आहे. आज जी जुनी जीप चालते ती कुणीतरी, केव्हातरी बदलली म्हणूनच चालते.

तिची सुरुवातही सुट्या भागांनीच झाली. अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मागवली. बँटम कंपनीने पहिला नमुना दिला आणि युद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. कैलाशचंद्र महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनमधल्या भारतीय पुरवठा मिशनचे प्रमुख होते, तिथे त्यांचा या गाडीशी संबंध आला. २ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्रा अँड महंमद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. मुंबईत माझगावला अमेरिकेतून आलेल्या पेट्या उघडून त्यातले भाग जोडायचे, अशा रीतीने देशातल्या पहिल्या विलिस जीपा तयार झाल्या.

त्याच काळातला एक वादही इथे आठवावा लागतो. लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी १९४८ मध्ये भारतीय लष्करासाठी वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या २,००० जीपांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ गाड्या आल्या आणि त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा खरेदी घोटाळा म्हणून तो प्रसंग सांगितला जातो. पण गाडी जुनी असणे ही त्यातली अडचण नव्हती. ज्याने ती दुरुस्त केली म्हणून सांगितले त्याने ती केलीच नव्हती, अडचण तिथे होती. जुनी जीप चालते की नाही हे तिच्यावर काम करणारा हात ठरवतो, ही गोष्ट बुलढाण्याच्या गॅरेजांनी पुढे कितीदा तरी दाखवून दिली.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बुलढाणा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला. त्याआधीच, २ ऑक्टोबर १९५२ ला, सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला होता. १९५३ मध्ये हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम आली. डीडीटीची पिंपे, फवारणीचे पंप, देवीच्या लसी, बियाण्याची पोती हे सगळे गावात पोचवायचे तर रस्ता हवा, आणि रस्ता नव्हता. म्हणून जीप. १ मे १९६२ ला पंचायत राज आल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप गावोगाव ओळखीची झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर हजेरी तपासायला येणारी गाडी तीच होती. वऱ्हाडातल्या अनेक गावांनी पहिली मोटार पाहिली ती सरकारी जीपच्या रूपात, आणि त्यातून उतरणाऱ्या माणसावरून सरकारचे मोजमाप केले.

त्या काळच्या बहुतेक गाड्या सीजे-३बी. १९५३ मध्ये अमेरिकेत निघालेल्या या नमुन्याचे बॉनेट उंच होते, कारण खाली ‘हरिकेन’ हे २,१९९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन बसवायचे होते. त्याची आत घेणारी व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, अशी जुनी रचना. ७९ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात १११ मिलिमीटरची फेक (स्ट्रोक) असल्याने ते फार फिरत नसे, पण कमी फेऱ्यांतच दमदार ओढे. दोन धुऱ्यांमधले अंतर फक्त ८० इंच. त्यामुळे शेताच्या बांधाजवळही वळण घेता येई. अमेरिकेत हा नमुना १९६८ मध्ये बंद झाला. जपानमध्ये मित्सुबिशीने त्याच्यावरून घडवलेली जीप १९९८ पर्यंत चालवली. भारतात महिंद्राने तो किती बदलांसह आणि किती नावांनी पुढे नेला याचा हिशेब करायचा तर यादी लांबेल.

सरकारी गाडी ठरावीक वर्षे चालली की निर्लेखित होई आणि तिचा लिलाव होई. जिल्ह्यातल्या खासगी जीपांचा मोठा ओघ तिथून सुरू झाला. ठेकेदार, जिनिंगचे मालक, थोडेफार बागाईतदार, क्वचित एखादा डॉक्टर या गाड्या घेत. लिलावातून गाडी मिळायची, पण तिच्यासोबत सुट्या भागांचा पुरवठा मिळत नसे. अधिकृत भाग मुंबईहून किंवा नागपूरहून येणार, आणि तेही कारखान्याला त्यात रस असेपर्यंत.

इथे जिल्ह्याचे जुने कसब कामी आले. जीप यायच्या आधी इथे बंडी आणि दमणी होती. सुतार चाक घडवी, लोहार त्यावर तापवलेली लोखंडी धाव चढवी आणि पाणी मारून आवळी. बंडीचा सुटा भाग विकत मिळत नसे, तो घडवला जाई. जीपचा पाटा तुटल्यावर तो भट्टीत घालून पुन्हा वाकवणारा, त्याला पाणी देणारा माणूस बहुधा त्याच परंपरेतला असे. उलटा प्रवासही झाला. निकामी झालेल्या पाट्यांचे पोलाद उत्तम असल्याने घिसाडी त्यांचे विळे, कुऱ्हाडी आणि वखराच्या पासा करत, आजही करतात.

सत्तरच्या दशकात मोठा बदल आला, इंजिनात. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग केले आणि सरकारने डिझेल बरेच स्वस्त ठेवले. हरिकेन इंजिन पेट्रोल भरपूर पिई. शेतकऱ्याला ते परवडेना. मग मिस्त्र्यांनी पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. हे काम दिसते तितके सोपे नाही. इंजिनाचे पाय वेगळे, म्हणून चेसिसवर नवे ब्रॅकेट वेल्ड करायचे. क्लच हौजिंगची भोके जुळत नाहीत, म्हणून मध्ये लेथवर कातलेली जाड पोलादी प्लेट घालायची. त्या प्लेटचे केंद्र किंचितही चुकले तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पुढचे बेअरिंग आवाज करू लागते. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एखादे पान वाढवायचे. त्याचा धक्का मोठा, म्हणून तीन गिअरांचा जुना टी-९० गिअरबॉक्स लवकर दात टाकतो. एक भाग बदलला की पुढचे चार बदलावे लागतात. जो मिस्त्री हे आधी ओळखे त्याच्याकडे रांग लागे.

कंपनीही त्याच दिशेने निघाली होती. महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने मिळून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि बी-२७५ ट्रॅक्टर आणला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. ट्रॅक्टरच्याच कुळातले सुमारे २,३५० घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसले. बुलढाण्यासारख्या शेतकी जिल्ह्याला याचा केवढा फायदा झाला हे मुंबईत बसून कळणार नाही. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान तालुक्याला असतेच. पिस्टन, रिंगा, लायनर, नोझल, गॅस्केट या जीपच्या गरजा त्या दुकानातून भागू लागल्या, आणि ट्रॅक्टरचे इंजिन करणारा हात जीपवरही तितक्याच सराईतपणे चालू लागला. दूरच्या कारखान्यावर अवलंबून असलेली गाडी यामुळे गावातल्या बाजाराला जोडली गेली.

मग प्यूजो आले. फ्रेंच कंपनीच्या परवान्याने इगतपुरीत बनलेले एक्सडीपी ४.९० इंजिन, चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २,११२ घन सेंटिमीटर. ऐंशीच्या दशकात एमएम ५४० या थोड्या लांब जीपमध्ये ते बसले आणि गावोगाव पसरले. आधीच्या ट्रॅक्टर इंजिनापेक्षा ते मऊ चाले. त्याला सकाळी हीटर लागे. घाटावरच्या डिसेंबरात हीटर प्लग जळालेला असेल तर गाडी ढकलण्याशिवाय इलाज नसे. मायकोचा डिझेल पंप बिघडला की तो काढून पंपवाल्याकडे न्यायचा, कारण त्याचे मोजमाप यंत्रावरच होते. साध्या गॅरेजात त्याला हात लावत नाहीत.

याच जीपांनी आणि त्यांच्या भावंडांनी जिल्ह्याची वाहतूक ताब्यात घेतली. कमांडर, मार्शल, आर्मडा आणि आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स. काळी-पिवळी म्हटले की बुलढाणेकराच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती टॅक्सी हीच. एसटी दिवसातून दोनदा जाणार, तर काळी-पिवळी भरली की सुटणार. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला, शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला, लग्नाच्या तिथीला, आठवडी बाजाराला तीच. ऑक्टोबर २०२१ पासून एसटी कर्मचाऱ्यांचा जो दीर्घ संप चालला त्यात खेड्यातली शाळकरी मुले आणि दवाखान्याचे रुग्ण तिच्याच भरवशावर होते. परवान्यापेक्षा दुप्पट माणसे कोंबली जात, मागच्या पायरीवर आणि टपावर लोक लटकत, आणि त्यात जीवही गेले. गाडीवर माया असणाऱ्यानेही हे लपवू नये.

टॅक्सीच्या धंद्याने जीपचे एक मोठे नुकसान केले. डांबरी रस्त्यावर फोरव्हील लागत नाही, उलट पुढचा धुरा वजन वाढवतो आणि डिझेल खातो. म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून टाकला गेला, ट्रान्सफर केसमधले गिअर भंगारात गेले, कित्येक गाड्यांचा पुढचा सगळा धुराच बदलून साधा बीम बसला. देऊळगावराजापासून जालना तासाभराच्याही आत येते, आणि जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना भंगार नेहमीच हवे असते. ज्या भागांसाठी आज लोक दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारापर्यंत फोन लावतात, ते भाग एकेकाळी किलोच्या भावाने वितळले.

आज टंचाई कशाची आहे हे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. भाग दुर्मिळ होतो तो गाडीच्या वयामुळे कमी, तिच्या नातेवाईक गाड्या बंद झाल्यामुळे जास्त. हरिकेन इंजिनाचे भाग शोधताना घाम फुटतो, कारण त्याचे दुसरे कोणतेही भावंड रस्त्यावर नाही. प्यूजो इंजिन त्यामानाने सोपे, कारण २००० मध्ये आलेल्या पहिल्या बोलेरोतही त्याच घराण्यातले मोठे इंजिन होते. त्यानंतरचे महिंद्राचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन सर्वात सोपे. बोलेरो आजही विकली जाते आणि तिच्यामुळे जुन्या जीपचे आयुष्य वाढते. तिचे पॉवर स्टिअरिंग, पुढचे डिस्क ब्रेक, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर हे सगळे थोड्या कारागिरीने ५४० ला बसते. जुन्या सीजे-३बी चा मास्टर सिलिंडर एका कप्प्याचा. एका चाकाच्या ब्रेकचे रबर फाटले तरी सगळे तेल जाते आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. राजूर घाट उतरताना याचा अर्थ काय हे सांगायला नको. हा बदल करून घेणाऱ्याला मूळपणाचा भंग केल्याचे दूषण कुणी देऊ नये.

भाग दुर्मिळ का होतो याविषयी वर म्हटले त्याला जिप्सीची कथा पुष्टी देते. मारुतीने ती डिसेंबर १९८५ मध्ये आणली, तीस वर्षांहून अधिक चालवली आणि २०१९ च्या सुमारास थांबवली. व्याघ्र प्रकल्पांतल्या सफारीची गाडी तीच. बुलढाण्याच्या सातपुड्यातले अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. इकडे बोथ्याच्या घाटाला लागून २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे, जिथे टिपेश्वरहून निघालेला टीवनसीवन वाघ सुमारे तेराशे किलोमीटर चालून २०१९ च्या अखेरीस पोचला. जिप्सी बंद झाली तरी लष्कराकडे तिची संख्या हजारोंची, त्यामुळे तिच्या भागांचा बाजार अजून जिवंत आहे. याउलट जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली जोंगा. तिच्या सहा सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाला रस्त्यावर नातेवाईकच उरले नाहीत. लष्करी लिलावातून हौसेने जोंगा आणणारा माणूस थोड्याच दिवसांत दुसरे डिझेल इंजिन शोधू लागतो.

घाटाखाली एक वेगळीच अडचण आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट. ते रेडिएटरमध्ये घातले की नळ्यांत क्षार धरतात, ब्लॉकमधले पाण्याचे रस्ते अरुंद होतात, इंजिन तापते आणि शेवटी हेड वाकते. जाणता ड्रायव्हर गोडे पाणी डब्यात भरून सोबत ठेवतो. हेड वाकले तर लेथवाला त्याचा पृष्ठभाग घासून सरळ करतो, पण तेही दोन-तीनदाच शक्य असते. दरवेळी हेड पातळ होते, आणि जुन्या पेट्रोल इंजिनाचे नवे हेड तर स्वप्नातच मिळते.

या सगळ्या कारागिरीला कायद्याने आता वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत. रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी हा निर्णय समजण्यासारखा आहे, विशेषतः ट्रॅकच्या बाहेर आलेली रुंद चाके आणि डोळे दिपवणारे दिवे लावून मिरवणाऱ्या गाड्या पाहिल्या की. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच थांबली आणि त्या मोडीत निघू लागल्या. सरकारी लिलावातून गावात येणारी जीप, हा जिल्ह्यातला साठ वर्षांचा ओघ तिथे संपला.

दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून मान दिला. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. मात्र अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, आणि रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढू नये. मुंबई-पुण्याच्या संग्राहकाच्या गॅरेजात झाकून ठेवलेल्या विलिसला हा नियम जमतो. चिखलीच्या एखाद्या वावरातून निघालेल्या, १९६० च्या दशकात जन्मलेल्या, १९७५ च्या सुमारास डिझेल झालेल्या, नव्वदच्या दशकात बोलेरोच्या आधीच्या मार्शलचा गिअरबॉक्स घेतलेल्या जीपला तो जमत नाही. तिच्या मालकाने इंजिन बदलले नसते तर ती १९८० पाहूच शकली नसती. व्हिंटेज म्हणून जपायचे तर कामाचे जपावे, असे ज्यांना वाटते त्यांनी या नियमावर आक्षेप घ्यायला हवा. जुन्या, अधिकृत नोंद झालेल्या बदलांना इतिहास म्हणून वेगळी जागा देता येईल. सुरक्षेची तपासणी कितीही कडक ठेवा.

ही मागणी करायची तर पुरावा लागेल, आणि तो विखुरलेला आहे. एमएच-२८ या नोंदणीच्या आणि त्याआधीच्या आरसी बुकांत इंधन बदलाचे, इंजिन क्रमांक बदलाचे शिक्के आहेत. गॅरेजांच्या वह्यांत कोणत्या गाडीला कुठले गिअर बसले याच्या नोंदी आहेत. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत ही कामे केली ते मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत आणि त्यांची मुले बहुतेक मोबाइलच्या किंवा मोटारसायकलच्या दुकानात आहेत.

कागदांसोबत सुट्या भागांची मापेही जपायला हवीत. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक हे अभ्यासक्रम चालतात. ट्रान्सफर केसच्या मधल्या शाफ्टचे, फोरव्हीलच्या गिअरांचे, पुढच्या धुऱ्यातल्या सांध्यांचे मोजमाप घेऊन पक्की रेखाचित्रे करणे हे तिथल्या मुलांना जमणारे काम आहे. दातांची संख्या, कोन, पोलादाची जात आणि कडकपणा हाती असेल तर गिअर कातून देणारे कारखाने पुण्यात आणि राजकोटात आहेत. फक्त एक अडचण आहे. झिजलेल्या गिअरावरून घेतलेले माप चुकीचे निघते आणि त्यावरून केलेला नवा गिअर पहिल्या चिखलातच ओरडू लागतो. मापासाठी कमी झिजलेला नमुना हवा. नंतरच्या सरकारी गाड्यांची फोरव्हील आयुष्यात फारशी वापरलीच गेली नाही. त्यामुळे असे नमुने आज तालुक्याच्या कचेऱ्यांच्या आणि पोलीस ठाण्यांच्या आवारात, बाभळीखाली, मोडीत निघण्याची वाट पाहणाऱ्या ५४० आणि मार्शलच्या पोटात सापडण्याची सर्वाधिक शक्यता आहे. तिथून त्या उचलल्या जाण्याआधी एखाद्या प्राचार्याने परवानगीचा अर्ज तेवढा करायला हवा.